एनडीएची तयारी : ज्याला वेळ लागतो ते आधी हाती घे

अकरावी सायन्सला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ९१ टक्के, गणित चांगले. इंग्रजी वाचून समजते, पण बोलायची वेळ आली की जीभ जड होते. गेल्या वर्षी चष्मा लागला. तालुक्याच्या गावातल्या एका क्लासने दोन वर्षांचे ‘एनडीए पॅकेज’ (एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण अकादमी, जिथे बारावीनंतर सैन्यदलांचे भावी अधिकारी घडतात) समजावून सांगितले आहे आणि वडील म्हणतात, इंजिनिअरिंगचे बघ. तो विचारतो : क्लास लावू का, फॉर्म केव्हा भरायचा आणि माझ्यासारख्याची निवड होऊ शकते का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचे ते तुला ठरवता येईल. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गेली सतरा वर्षे एनडीएची तयारी करणारी मुले माझ्याकडे येतात. मी स्वतः सैन्यात नव्हतो. गणिताच्या पेपरबद्दल मी अधिकाराने बोलेन. एसएसबीबद्दल, म्हणजे लेखीनंतरच्या पाच दिवसांच्या निवड चाचण्या आणि मुलाखतीबद्दल, मला जे कळले ते तिथून परत आलेल्या मुलांकडून. काही पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट, म्हणजे बाद, होऊन आली, काही शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत जाऊन आली, काही रेकमेंड, म्हणजे एसएसबीत निवड, होऊन आली. प्रत्येकाला मी समोर बसवून पाचही दिवसांचे विचारले आहे. तेव्हा अनुभव माझा आणि त्यांचा मिळून आहे.

तू क्लासबद्दल विचारलेस. मला तुझ्या प्रश्नातला चष्मा आणि जड जीभ जास्त महत्त्वाची वाटते. का ते सांगतो. एनडीएच्या निवडीचे तीन टप्पे आहेत : यूपीएससीची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, मग मेडिकल. मुले याच क्रमाने तयारी करतात. आधी वर्षभर लेखी. पास झाले की एसएसबीसाठी धावतपळत दहा दिवस. आणि डॉक्टरकडे जायचे ते रेकमेंड झाल्यावर. हा क्रम निवड करणाऱ्यांच्या सोयीचा आहे, तयारी करणाऱ्याने तो जवळजवळ उलटा धरावा. शरीरातला एखादा दोष दुरुस्त व्हायला महिने लागतात आणि काही दोष दुरुस्त होतच नाहीत. चारचौघांत बोलणे, अंगावर जबाबदारी घेणे, घेतलेली शेवटाला नेणे या सवयींना दोन-दोन वर्षे लागतात. गणिताला एक वर्ष पुरते. सामान्य ज्ञानाला रोज थोडे दिले तर सहा-आठ महिने. एसएसबीत कोणत्या दिवशी काय असते हे तर एका दुपारी समजते. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो ते आज सुरू करायचे, एवढे एक सूत्र धरलेस तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतील.

म्हणून आधी शरीर. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी रेकमेंड झाला. घरात पेढे वाटून झाले, गावात फ्लेक्स लागला आणि लष्करी रुग्णालयातल्या मेडिकल बोर्डात त्याला रंगांधत्व निघाले. ठिपक्यांची ती इशिहारा चाचणी कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. आम्ही ती दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर बसलो तेव्हा मला बोलायला शब्द नव्हते. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो, मग गणिताचे पुस्तक उघडतो.

तुझ्या चष्म्याने दार बंद झाले का, हे नंबरवर अवलंबून आहे. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स यांचे दृष्टीचे निकष वेगवेगळे आहेत. फ्लाइंगचे सर्वांत कडक, आर्मीचे त्या मानाने सैल. दर परीक्षेच्या अधिसूचनेच्या परिशिष्टात ते सविस्तर छापलेले असतात. चष्म्याशिवायची दृष्टी, चष्म्यासहची दृष्टी आणि नंबर, तिन्ही त्या तक्त्याशी ताडून बघ. ‘लेझर करून घेऊ, मग चष्माच राहणार नाही’ असे सुचवणारे भेटतील. ऐकू नकोस. तुझ्या वयात केलेली ती शस्त्रक्रिया एनडीएसाठी चालत नाही आणि जे दार उघडे होते तेही तू स्वतःच्या हाताने लावून घेशील.

बाकीच्या तपासण्याही याच महिन्यात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे कानातला मळ, नाकाचा वाकडा पडदा, टॉन्सिल. दंतवैद्याकडे किडलेले दात : तिथे दातांचे गुण मोजतात आणि किमान १४ लागतात. साध्या एमबीबीएस डॉक्टरांकडे सपाट पाय, गुडघ्याला गुडघा लागणे, रक्तदाब, वजन, हायड्रोसील. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, काही छोट्या शस्त्रक्रियांनी सुटतात, पण जखम भरायला वेळ लागतो. मेडिकलमध्ये तात्पुरते अपात्र ठरवले तर अपील मेडिकल बोर्डासाठी साधारण ४२ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात वजन उतरते, पण नाकाचा पडदा दुरुस्त करून बरे होऊन परत उभे राहणे कठीण जाते. अंगावर टॅटू काढायचा विचार असेल तर सोडून दे, त्याचेही नियम कडक आहेत.

व्यायामाचे फार गूढ करू नकोस. अधिसूचनेतच उमेदवारांना सुचवलेले आहे : २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणे, किमान २० पुशअप्स, २० सिटअप्स, ८ चिनअप्स, तीन-चार मीटर दोर चढणे, दोरीउड्या. धावणे तुला महिन्याभरात जमेल. चिनअप्सला आमच्या मुलांना सर्वांत जास्त वेळ लागतो. घराच्या चौकटीला, झाडाच्या फांदीला, जिथे जमेल तिथे आजच लटकायला सुरुवात कर.

आता फॉर्म. अकरावीत असताना तो भरता येत नाही. बारावीत शिकत असलेला किंवा बारावी झालेला उमेदवार पात्र असतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. एप्रिलच्या परीक्षेची अधिसूचना डिसेंबरच्या सुमारास निघते, सप्टेंबरची मे-जूनच्या सुमारास. म्हणजे तू अकरावीची परीक्षा देऊन मोकळा होशील तेव्हा तुझा पहिला फॉर्म. वय ढोबळमानाने साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. पण ‘ढोबळमानाने’ यावर विसंबू नकोस, कारण प्रत्येक अधिसूचनेत जन्मतारखेच्या दोन कडा स्पष्ट दिलेल्या असतात. तू जन्मतारीख लिहिलेली नाहीस. साधारण वयात शाळेत गेलेल्या मुलाला चार-पाच संधी मिळतात, उशिरा गेलेल्याला दोन-तीन. कागदावर तुझ्या सगळ्या संधी महिन्यासकट लिहून काढ. आर्मीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते. एअर फोर्स, नेव्ही आणि नौदल अकादमीच्या प्रवेशासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवे, ते तुझ्याकडे आहे. फॉर्मची फी १०० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि मुलींना तीही नाही. त्यासाठी सायबर कॅफेवाल्याच्या हाती आधार कार्ड देऊन निघून जाऊ नकोस, स्वतः बसून भर. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच्या तसे. सेवांचा पसंतीक्रम विचार करून लिही, पुढे वाटप करताना गुणवत्तेबरोबर तोही पाहतात.

मुलींसाठी थोडे विषयांतर, कारण त्यांचे पालक मला हल्ली बरेच विचारतात. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींना ही परीक्षा खुली झाली, पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्समधून १७ मुली तिन्ही वर्षे पूर्ण करून बाहेर पडल्या. जागा कमी आहेत, पण वाट आहे. आपल्या राज्यात दहावीनंतर दोन वर्षे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत राहून तयारी करता येते : मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून, मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. तिथला प्रवेश दहावीनंतरच होतो, त्यामुळे तुझी वेळ टळली. धाकटे भावंड असेल तर मात्र आत्ताच लक्षात ठेव.

आता माझा विषय. लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न, अडीच तास. दुसरा पेपर सामान्य क्षमता चाचणीचा, ६०० गुण, १५० प्रश्न, अडीच तास. त्यात इंग्रजीला २०० आणि उरलेले ४०० फिजिक्स, केमिस्ट्री, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींना. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न हिंदीतही छापलेले असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण जातात. प्रत्येक विषयात किमान गुणांचीही अट असते. ती अलीकडे २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली आहे.

आकडे ऐकून घाबरलेल्या मुलांना मी फळ्यावर एक हिशेब करून दाखवतो. गणितात १२० पैकी ६० प्रश्न बरोबर आले, २४ चुकले, ३६ सोडून दिले. ६० गुणिले अडीच म्हणजे १५०. चुकलेल्या २४ चे साधारण २० गेले. हातात १३०. दुसऱ्या पेपरात १५० पैकी ८० बरोबर, ४० चूक, ३० सोडलेले : ३२० मधून ५३ गेले, राहिले २६७. एकूण ३९७. गेल्या काही वर्षांत लेखीचा कटऑफ साधारण २९० ते ३६० यांच्या दरम्यान राहिला आहे. म्हणजे अर्धे प्रश्न बरोबर आणि उरलेल्यांत संयम, एवढ्यावर तू पार होतोस. लाखो मुले फॉर्म भरतात ही गोष्ट खरी, पण त्या आकड्याशी तुझी लढत नाही, या ३९७ शी आहे.

संयमाचा मुद्दा थोडा उकलतो, कारण आमची हुशार मुले इथेच अडकतात. बोर्डाच्या परीक्षेत प्रश्न सोडणे म्हणजे पाप. इथे १२० प्रश्नांना १५० मिनिटे आहेत, एका प्रश्नाला सव्वा मिनिट. इंटिग्रेशनचे एक अवघड गणित सुटेपर्यंत धरून बसलेला मुलगा शेवटच्या पानावरच्या संख्याशास्त्राच्या पाच सोप्या प्रश्नांपर्यंत पोहोचतच नाही. मी मुलांना पेपर तीन फेऱ्यांत सोडवायला लावतो. पहिल्या फेरीत पाहताक्षणी येणारे. दुसऱ्या फेरीत पद्धत माहीत आहे पण वेळ लागेल असे. तिसऱ्या फेरीत असे, ज्यांतले दोन पर्याय खात्रीने खोडता येतात. बाकीचे कोरे. हे जमायला मागच्या दहा वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवावे लागतात. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी अकरावी-बारावीची बोर्डाची गणिताची पुस्तके उदाहरणांसकट संपव. बहुतेक अभ्यासक्रम त्यातच येतो : त्रिकोणमिती, निर्णायके आणि सारणी, निर्देशक भूमिती, सदिश, विकलन, संकलन, संभाव्यता, संख्याशास्त्र. मराठी माध्यमातून आलास म्हणून या संज्ञांची इंग्रजी नावे एका वहीत समोरासमोर लिहून काढ. महिन्याभरात ती भीती जाते.

कटऑफ पार झाला की पुरे, असे मात्र समजू नकोस. अंतिम यादी १८०० गुणांवर लागते, ९०० लेखी आणि ९०० एसएसबी. अलीकडे शेवटचा निवडलेला मुलगा साधारण ६५० ते ७३० च्या आसपास असतो आणि जागा दर खेपेला चारशेच्या घरात. रेकमेंड झालेला, मेडिकलही पार केलेला आणि तरी यादीत नाव नसलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याचे लेखीचे गुण कटऑफला चिकटून होते. शेवटच्या दोन महिन्यांत त्याने सामान्य विज्ञान आणि भूगोल ‘एवढे कशाला’ म्हणून सोडून दिले होते. ते मीच त्याला करू दिले, ही माझी चूक. आता लेखीच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी कोणाला भूगोल सोडू देत नाही.

एसएसबीकडे वळतो. इथे तुझी जड जीभ येते. पहिला दिवस स्क्रीनिंगचा : बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्या, मग एक अंधूक चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी चर्चा करून एक सामायिक गोष्ट ठरवायची. दुपारपर्यंत बऱ्याच जणांना परतीचे तिकीट मिळते. राहिलेल्यांच्या पुढच्या दिवसांत मानसशास्त्राच्या लेखी चाचण्या होतात. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातले शेवटचे कोरे. साठ शब्द, प्रत्येकी १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ प्रसंग अर्ध्या तासात. शेवटी स्वतःबद्दल : आईवडील, शिक्षक, मित्र तुझ्याविषयी काय म्हणतात आणि तू स्वतः काय म्हणतोस. मग दोन दिवस मैदानावर जीटीओच्या, म्हणजे गटाची परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चाचण्या, मध्ये कधीतरी मुलाखत आणि पाचव्या दिवशी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर कॉन्फरन्स.

एसएसबीच्या जगात तीन शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात : मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञ तू काय विचार करतोस ते पाहतो, मुलाखत घेणारा तू काय बोलतोस ते आणि जीटीओ तू काय करतोस ते. पाचव्या दिवशी तिघांची निरीक्षणे समोरासमोर येतात. पाठ केलेल्या गोष्टी का उपयोगी पडत नाहीत हे मला या तीन शब्दांवरून समजले. बाराही गोष्टींतला नायक जखमी माणसाला रुग्णालयात नेतो, पूरग्रस्तांना मदत गोळा करतो, मॅच जिंकून देतो. मैदानावर मात्र तोच मुलगा फळी उचलायला सर्वांत शेवटी पुढे होतो आणि मुलाखतीत शेजाऱ्याचे नाव सांगता येत नाही. तिघांना तीन वेगवेगळी माणसे दिसली तर ते कोणाला निवडतील?

माझा एक विद्यार्थी दोनदा परत आला होता, एकदा स्क्रीनिंगला, एकदा कॉन्फरन्सनंतर. एसएसबी कधी कारण सांगत नाही, त्यामुळे आम्ही दोघे अंदाज बांधत बसलो. त्याच्या वहीतल्या गोष्टी वाचल्या. सफाईदार होत्या आणि त्यात त्याचे आयुष्य कुठेच नव्हते. घरी त्यांचे डाळिंब होते. मी त्याला म्हटले, या हंगामात मजुरांचा हिशेब, गाडी ठरवणे, मार्केटला माल पोचवणे हे सगळे वडिलांकडून तू घे. वडील आधी तयार नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याचा हिशेब चुकला, मजुरांशी वाद झाला, एक गाडी उशिरा गेली. हंगाम संपेपर्यंत तो वेगळ्या आवाजात बोलायला लागला होता. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मुलाखतीत जवळजवळ अर्धा वेळ डाळिंबावरच बोलणे झाले. तो रेकमेंड झाला. डाळिंबामुळेच झाला असे मी म्हणणार नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्याच्याजवळ सांगायला स्वतःचे काहीतरी होते, एवढे नक्की.

तेव्हा तुला मी विचारतो : या दोन वर्षांत तू कशाची जबाबदारी घेणार? कॉलेजच्या संघाचे कर्णधारपद, एनसीसी, गावातल्या वाचनालयाची किल्ली, लहान मुलांचा कबड्डीचा सराव, आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या. काहीही चालेल, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुझे असले पाहिजे. मुलाखतीआधी पीआयक्यू नावाचा माहितीचा फॉर्म भरून घेतात. त्यात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येतो. एकाने छंद ‘वाचन’ लिहिला आणि शेवटची तीन पुस्तके विचारल्यावर गप्प बसला. आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी : मुलाखतीत एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतात. नववीपासूनचे गुण सांग, कमी-जास्त का झाले, कोणते शिक्षक आवडले, का, कोणते नाही आवडले, मित्र किती, त्यांच्यातला सर्वांत जवळचा कोण, मोकळ्या वेळात काय करतोस. ओळीने आठवून, शांतपणे उत्तरे द्यायची. कमी गुणांचे कारण खरे सांगितले तर कोणी मान कापत नाही.

इंग्रजीबद्दल. तिथे हिंदीतही बोलता येते आणि साध्या, मोडक्या पण समजणाऱ्या इंग्रजीत बोलून निवडलेली मराठी माध्यमाची मुले मी पाहिली आहेत. मुले अडतात ती इंग्रजीमुळे कमी आणि मत नसल्यामुळे जास्त. शेतमालाच्या भावाबद्दल, मोबाइलबद्दल, शेजारी देशांबद्दल तुला मराठीत तीन मिनिटे सलग बोलता येते का? आधी ते कर. रोज मराठी वर्तमानपत्रातला एक विषय घे, तीन मिनिटे विचार, तीन मिनिटे उभा राहून मोठ्याने बोल. जीटीओच्या चाचण्यांत लेक्चरेट, म्हणजे गटासमोरचे छोटे भाषण, असते त्याचे मापही हेच. दोन महिने मराठीत, मग तेच विषय इंग्रजीत. समोर धाकटी बहीण बसली तरी चालेल. चर्चेत सगळे एकाच वेळी ओरडू लागले की आपला आवाज त्यात मिसळू नकोस. क्षणभराची उसंत येते, तेव्हा एक नवा मुद्दा मांड. नुसते गप्प बसून मात्र राहू नकोस, न बोललेल्या मुलाचे मोजमाप करायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

आता क्लासचे पॅकेज. हे तुझ्या गावावर आणि तुझ्यावर अवलंबून आहे. कॉलेजमध्ये गणित नीट शिकवले जात असेल आणि तू एकट्याने बसून पेपर सोडवू शकत असशील तर दोन वर्षांच्या पॅकेजची गरज मला दिसत नाही. घरी अभ्यासाची शिस्त लागत नसेल, गणित-फिजिक्सला हात धरणारे कोणी नसेल, तर त्या दोन विषयांपुरता क्लास लाव. कॉलेजला नावापुरता प्रवेश आणि दिवसभर क्लास हा मार्ग मी कोणालाच सांगत नाही : खेळ, मित्र, एनसीसी, भांडणे, जे एसएसबीत बोलायला उपयोगी पडते ते सगळे त्यात बुडते. निवडीची हमी देणाऱ्याकडून उठून ये. एसएसबीच्या क्लाससाठी तर आत्ता पैसे भरूच नकोस. लेखी पास झाल्यावर नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी एसएसबीचे वर्ग होतात. राहणे, जेवण, प्रशिक्षण विनामूल्य. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. लष्करी वातावरणाची आणि मैदानी अडथळ्यांची ओळख तिथे चांगली होते.

वडिलांशी कसे बोलायचे, हेही सांगतो. इंजिनिअरिंग आणि एनडीए यांत आज निवड करायचीच नाही. जेईई मेनचा अभ्यास एनडीएच्या गणित-फिजिक्सला उपयोगी आहे. शिवाय बारावीनंतर आर्मीची टेक्निकल एन्ट्री आणि नेव्हीची बी.टेक. एन्ट्री या दोन्हींत जेईई मेनच्या आधारे एसएसबीला बोलावतात. पदवीनंतरही अधिकारी होण्यासाठी सीडीएस ही परीक्षा आहे, हवाई दलाची एएफकॅट ही परीक्षा आहे. एनडीएत तीन वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने होते आणि जेएनयूची पदवी मिळते. पुढे आर्मीसाठी डेहराडून, नेव्हीसाठी एळिमला, एअर फोर्ससाठी डुंडिगल येथे प्रशिक्षण होऊन मुलगा अधिकारी होतो. वडिलांना हे सगळे शांतपणे सांग आणि त्यांची भीती नेमकी कशाची आहे तेही विचार. माझ्या अनुभवात पैशाची भीती थोडी असते आणि मुलगा लांब जाण्याची, त्याच्या जिवाची भीती जास्त असते. ती बोलून दाखवायला बापाला अवघड जाते. तू ती आधी ओळखलीस तर घरातले वातावरण सुधारेल. मुलाखतीत ‘घरच्यांचे काय मत आहे’ हा प्रश्न येतोच, तेव्हा खरे उत्तर तुझ्याजवळ असेल.

तुझी निवड होऊ शकते का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला मला संकोच नाही, फक्त डोळ्यांचे उत्तर आधी येऊ दे. खडकवासला आपल्याच राज्यात आहे, तरी आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना ती जागा दुसऱ्या कोणाची वाटते, याचे मला फार वाईट वाटते.

येत्या पंधरा दिवसांत नेत्रतज्ज्ञाकडे जा. आधी अधिसूचनेतल्या दृष्टीच्या निकषांचे पान छापून घे आणि ते त्यांच्यासमोर ठेव. कागदावर दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहून घे : चष्म्याविना किती, चष्म्यासह किती, नंबर किती, रंग ओळखण्याची चाचणी कशी झाली. ‘दृष्टी सामान्य’ एवढेच लिहून दिले तर नम्रपणे परत कर आणि आकडे माग.